ब्रिन इथे राहत नाही

फिलोमिना टॅलारिकोच्या दारावरची बेल वाजली की आधी स्वयंपाकघराचा पडदा हलतो. मग बाई स्वतः येते, साखळीपुरतं दार उघडते आणि आलेल्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळते. माणूस पसंत पडला तर साखळी निघते आणि समोर ताट येतं, भूक असो नसो. नाही पडला तर त्याची अशी बोळवण होते की पुन्हा म्हणून तो आमच्या गल्लीत पाऊल टाकत नाही. सेंट थिओडोरच्या नव्या पाद्रीबाबांनासुद्धा तिने पहिल्या भेटीत विमा एजंट समजून हाकललं होतं. ते बिचारे अजून तिच्या घरावरून जाताना चाल वाढवतात.

याचा तिला अभिमान होता, लपवत नसे ती. म्हणायची, "माणूस मी बघून ओळखत नाही, चाहुलीवरून ओळखते." आणि ते अगदीच पोकळ नव्हतं. उभी हयात तिने अंधारात काम केलेलं. रॉचेस्टरला कॅमेऱ्याच्या फिल्मचा कारखाना होता तेव्हाची गोष्ट. रिळं गुंडाळून डब्यात भरायची त्या खात्यात उजेडाचा कण चालत नसे. बायका भिंतीला हात लावून चालायच्या, समोरून कुणी आली तर आदळू नये म्हणून तोंडाने शीळ घालायच्या. कोण दमलीय, कोण घरी भांडून आलीय, हे फिलोमिनाला पावलांवरून कळायचं. मग जगाने फिल्म वापरायची सोडली, कारखान्याने माणसं सोडली, आणि त्याच वर्षी तिचा नवरा साल्व्हातोरे अंगणातला बर्फ उपसता उपसता गेला. पोरबाळ नव्हतं. बाई एकदम उजेडात आली आणि घरात बघायला कुणी उरलं नाही.

त्याच सुमाराला शहरात बायकांच्या सॉकरचा क्लब आला. मुली एकाहून एक खेळणाऱ्या, पण पगार नावाला. म्हणून ज्याच्याकडे रिकामी खोली असेल त्याने हंगामापुरती एकेक मुलगी ठेवून घ्यायची, अशी इकडे पद्धत पडून गेलीय. रविवारी प्रार्थनेनंतर तशी विनंती झाली, आणि फिलोमिनाने हात वर केला. सॉकर म्हणजे काय हे तिला धड माहीत नव्हतं. मुलगी जेवेल, एवढं कळलं होतं.

पहिली आली ती जेवली. दुसरी शाकाहारी निघाली, ते दुःख बाईने दोन हंगाम गिळलं. तिसरी ब्रिन हॅल्वर्सन.

नॉर्थ डकोटाच्या सपाट माळावरची पोरगी, बावीस वर्षांची, लांबच लांब पाय, एक पिशवी, दोन जोड बूट, आणि बोलायला पैसे पडतात असा चेहरा.

"जेवलीस?" फिलोमिनाने विचारलं.

"हो."

"खोटं बोलतेस."

"हो," ब्रिन म्हणाली, आणि बसली. पांढऱ्या घेवड्यात शिजवलेला पाला तिने तीनदा वाढून घेतला. झालं. त्या दिवसापासून ती वरच्या खोलीतली आणि फिलोमिना तिची झिया. इटालियन घरात मावशीला म्हणतात तसं. आमची अख्खी गल्लीच बाईला झिया म्हणते, पण ब्रिनच्या तोंडून ते ऐकलं की बाई जरा जास्त चिडचिड करायची, म्हणजे खूश असायची.

पुढे त्या पोरीचं काय झालं ते सगळ्या देशाला ठाऊक आहे. डाव्या पायाने ती असा चेंडू वळवायची की गोलकीपर मागाहून स्वतःचे हात बघत बसायच्या. दुसऱ्याच वर्षी राष्ट्रीय संघात गेली. वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात तिने शेवटच्या क्षणी गोल मारला तेव्हा आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही कळलं. गावोगावच्या शाळकरी पोरी तिच्यासारखी एकच वेणी घालू लागल्या. मग क्लबांनी तिला इकडून तिकडे फिरवली. इथे खेळाडूला विचारायची रीत नाही. क्लबवाले आपसात बोलतात आणि पोरीला फोन येतो, उद्यापासून तू त्या शहरात. ती पोर्टलंडला गेली, ऑर्लँडोला गेली, फ्रान्समध्ये दोन हंगाम खेळून आली. आणि दर वेळी गुडघा गेला की कुबड्या घेऊन फिलोमिनाच्या दारात. दुसऱ्या ऑपरेशननंतरच्या हिवाळ्यात तिची आई गेली. तिकडचं घर विकलं. त्या हिवाळ्यात दोघी फारसं बोलल्या नाहीत, रोज रात्री पत्ते खेळल्या आणि फिलोमिनाने लबाडी करून सगळे डाव जिंकले.

चौतिसाव्या वर्षी ब्रिन पुन्हा आमच्या क्लबात आली, शेवटचे दिवस काढायला. तळ्याकाठी बंगला घ्यायची ऐपत होती तिची. तरी वरच्याच खोलीत राहिली, जिथे पलंगाबाहेर तिचे पाय येतात. उन्हाळ्यात एक वर्ल्ड कप उरला होता, तेवढा खेळायचा आणि बूट काढून ठेवायचे, असं तिने ठरवलं होतं.

पण मोठ्या खेळाडूंच्या मागे एक शुक्लकाष्ठ असतं. उत्तेजक औषधं घेत नाही ना, याची तपासणी. रोजचा एक तास आधीच कळवून ठेवायचा, की या वेळेला मी अमुक ठिकाणी हमखास सापडेन. मग वर्षभरात कधीही, न सांगतासवरता माणूस येणार आणि लघवीचा नमुना घेऊन जाणार. सापडला नाहीत तर ती एक चूक. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की बंदी. औषध घेतलेलं असो की नसो, कुणी ऐकत नाही. ब्रिनच्या नावावर दोन होत्या. एकदा बर्फात विमान शिकागोला अडकलं, एकदा हॉटेल बदललं आणि ही बया कळवायला विसरली.

"आणखी एक झाली की संपलं, झिया," तिने एका संध्याकाळी जेवता जेवता सांगितलं. "वर्ल्ड कप तर गेलाच. वर लोक म्हणणार, काहीतरी घेत असेल म्हणूनच लपत होती. बारा वर्षं खेळले त्याची माती होईल."

"कधी येतो हा मेला?"

"सकाळी सहा ते सात, इथला पत्ता दिलाय. कधी येतील सांगता येत नाही. कुणीही आलं तरी मला उठव."

"उठवते. मी काय झोपलेली असते?"

फिलोमिनाने मनाशी एक चित्र काढून ठेवलं होतं. पुरुष असणार, पांढरा डगला असणार, हातात डॉक्टरची पेटी असणार. तो आला की आधी त्याला कॉफी द्यायची, मग पोरीला हाक मारायची. यात चुकण्यासारखं काय होतं?

घोळ असा, की ब्रिन आल्यापासून त्या दारावर जत्रा लागली होती. वेणीवाल्या पोरींना घेऊन आया यायच्या. एका फोटोवाल्याने कुंपणावर चढून दोरीवरच्या वाळत टाकलेल्या कपड्यांचे फोटो काढले, त्यात फिलोमिनाचे परकरही आले. आणि आदल्याच आठवड्यात रेनकोटातली एक बाई आली होती, गोड बोलणारी. "खाजगी काम आहे" म्हणाली. फिलोमिनाने साखळी काढली, तिला खुर्चीवर बसवली, आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर सगळं गाव ऐकत होतं की ब्रिन हॅल्वर्सनचा गुडघा रोज संध्याकाळी सुजतो. बाई आठवडाभर स्वतःवर जळफळत होती. चाहुलीवरून माणूस ओळखणारी मी, आणि मला एका रेनकोटाने बनवलं.

तर ती सकाळ. मे महिना, पण बाहेर गारठा. ब्रिन आदल्या संध्याकाळी बाहेरगावचा सामना खेळून आली होती, गुडघा भोपळ्यासारखा. बर्फ लावून लावून कधीतरी तिचा डोळा लागला. फिलोमिना पहाटेच उठून पीठ मळत होती, पोरीला तळलेल्या पुऱ्या साखर घालून आवडतात म्हणून. सहा वाजून गेले आणि बेल वाजली.

साखळीपुरतं दार उघडलं. बाहेर रेनकोट. आत एक साठीची बाई, खांद्याला मोठी पिशवी, चेहऱ्यावर शांत हसू.

"ब्रिन हॅल्वर्सन आहेत का?"

"काय काम आहे?"

"मला त्यांनाच भेटायचंय. खाजगी काम आहे," बाई म्हणाली आणि गळ्यातलं कार्ड पुढे केलं.

फिलोमिनाचा चष्मा पिठाच्या डब्यावर राहिला होता. आणि चष्मा असता तरी तिने बघितलं नसतं. कार्डं काय, हल्ली कुणीही छापून घेतं. तिच्या डोक्यात 'खाजगी' एवढाच शब्द शिरला आणि तिथेच भडका उडाला.

"ब्रिन इथे राहत नाही."

"हाच पत्ता दिलाय त्यांनी."

"दिला असेल. आता नाही इथे. आईकडे गेली."

कुठून आलं ते तोंडात, देव जाणे. मुली कुठे जातात, तर आईकडे जातात. दार लावलं, छातीवर क्रुसाची खूण केली, आणि बाई परत पिठाकडे आली. पुन्हा बेल वाजून पोरीची झोप मोडायला नको म्हणून तिने स्टुलावर चढून बेलची तारच उपटली. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. हिने रेडिओ लावला. पुन्हा टकटक झाली. हिने आवाज वाढवला.

पडद्याआडून पाहिलं तर ती बाई गेलीच नव्हती. गाडी समोर उभी, आत बसून घराकडे टक लावलेली. आता मात्र फिलोमिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने शेजारी डॉमिनिकला फोन लावला. डॉम अग्निशमन दलातून निवृत्त झालाय, त्याला बारा-पंधरा वर्षं झाली, पण कुणी हाक मारली की अजून धावतो. बायको म्हणते, घरातलं काम सांगितलं की तेवढं ऐकू येत नाही त्याला.

"माझ्या दारात एक बाई गाडीत दबा धरून बसलीय," फिलोमिना म्हणाली. "फोटो काढून पळणार ती. ट्रक आडवा लाव."

"पायजम्यात आहे मी."

"मग काय, तुझा फोटो छापणार आहे का कुणी?"

डॉमने पायजम्यावर कोट चढवला, ट्रक काढला आणि त्या गाडीच्या मागे असा लावला की मुंगी निघायची नाही. मग उतरून गाडीच्या खिडकीशी गप्पा मारत उभा राहिला. फिलोमिना निवांत झाली. पुऱ्या कापायला घेतल्या. आज कशी जिरवली, असं तिला वाटत होतं, आणि ते सुख तिने चांगलं चघळून चघळून घेतलं.

डॉम मागच्या दाराने आला आणि आधी रेडिओ बंद केला.

"फिलो, बाई मोठी सभ्य आहे गं. चिडत नाही, ओरडत नाही. घड्याळ बघते आणि काहीतरी लिहिते."

"रेडिओवाली आहे. लिहिणारच."

"नाही वाटत. मागच्या सीटवर खोकं आहे, त्यात कप आहेत. झाकणाचे, सील केलेले. मी म्हटलं, बाई, सकाळी सकाळी कॉफी विकता का? तर हसलीसुद्धा नाही."

फिलोमिनाचा हात थांबला. "कसले कप?"

"अगं दवाखान्यात देतात तसले. माझ्या प्रोस्टेटच्या वेळी नाही का, नर्सने..."

पुढचं तिने ऐकलंच नाही. तोंडचं पाणी पळालं तिच्या. पांढरा डगला नाही, पेटी नाही, पुरुषसुद्धा नाही. भिंतीवरच्या घड्याळात सातला पाच-सहा मिनिटं कमी होती. पिठाचे हात तसेच घेऊन ती जिन्याकडे धावली; सत्तरी ओलांडलेली बाई, कठड्याला धरून धरून वर गेली आणि खोलीचं दार उघडलं.

पलंग रिकामा.

चादर बाजूला सारलेली, बर्फाची पिशवी वितळून उशाशी पडलेली, पोरगी नाही. फिलोमिना मटकन त्या पलंगावर बसली. मी म्हटलं गेली, आणि देवाने खरं केलं, एवढं एकच तिच्या मनात आलं. बारा वर्षांचं पोरीचं नाव मी एका वाक्यात घालवलं. ज्या घरात ती दर वेळी मोडून आली आणि उभी राहून गेली, त्याच घराने तिला बुडवलं.

आणि मग खालून, अगदी खालून, घरघर ऐकू आली. एकसारखी, पण मध्येच एक ठोका चुकणारी. दुखरा पाय जरा हळू फिरतोय, हे ओळखायला तिला डोळे लागत नव्हते. तळघरात साल्व्हातोरेच्या वाइनच्या पिंपांशेजारी ब्रिनने व्यायामाची सायकल ठेवली होती.

फिलोमिना दोन मजले उतरली ती कशी, तिलाच माहीत नाही. ब्रिन कानाला हेडफोन लावून, डोळे मिटून पाय मारत होती. जाग आल्यावर गुडघा आखडलेला, म्हणून ती रेडिओच्या आवाजात हळूच खाली येऊन बसली होती. झियाने पाहिलं तर पुन्हा झोपायला पिटाळेल म्हणून.

फिलोमिनाने तिचे हेडफोन ओढून काढले. "चल. चल आधी."

"काय झालं?"

"तो माणूस आलाय. बाई आहे. मी हाकलली."

ब्रिनने पाय थांबवले. "कधी?"

"विचारू नको, पळ."

वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यातसुद्धा ती पोरगी अशी धावली नसेल. सुजलेल्या गुडघ्याने दोन-दोन पायऱ्या चढली, अनवाणी दारातून बाहेर, ओल्या गवतावरून, डॉमच्या ट्रकला वळसा घालून. फिलोमिना दाराच्या चौकटीला धरून बघत राहिली. तिला काही ऐकू येत नव्हतं. गाडीची काच खाली झाली. बाईने मनगट वर करून घड्याळ पाहिलं. ब्रिनकडे पाहिलं. पुन्हा घड्याळ पाहिलं, सावकाश, जसं काही तिला सगळा दिवस मोकळा होता.

मग तिने दार उघडून पिशवी उचलली, आणि ब्रिनने मागे वळून अंगठा वर केला.

फिलोमिनाचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच उंबऱ्यात बसली आणि ढसाढसा रडली, पिठाच्या हातांनी तोंड पुसत. डॉम म्हणाला, अगं, तळायच्या आधीच पीठ फासलंस की तोंडाला. तर त्यालाही तिने हसत हसत एक शिवी दिली.

त्या उन्हाळ्यात ब्रिन वर्ल्ड कप खेळली. तो त्यांनी जिंकला नाही, उपांत्य फेरीत हरल्या. पण तिला बदलून बाहेर बोलावलं तेव्हा सबंध मैदान उभं राहिलं, समोरच्या संघाचे लोकसुद्धा. ते सगळं टीव्हीवर दाखवलं. फिलोमिनाला मात्र विचाराल, ब्रिनचा सगळ्यांत मोठा सामना कोणता, तर ती तो सांगत नाही. ती ही मे महिन्यातली सकाळ सांगते.

कारण ती सकाळ तिथे संपली नव्हती. तपासणीवाली बाई, मिसेस प्रुईट तिचं नाव, स्वयंपाकघरात येऊन बसली आणि ब्रिनच्या लक्षात आलं की आपण उठल्या उठल्या बाथरूमला जाऊन आलोय. आता आत काही शिल्लक नाही. नियमाने मिसेस प्रुईटला तिला नजरेआड करता येत नव्हतं. मग काय, ब्रिन ग्लासामागून ग्लास पाणी पीत बसली, ती बाई तिच्याकडे बघत बसली, आणि फिलोमिना पुऱ्या तळत राहिली.

"घ्या ना एक," ती म्हणाली.

"मला कामावर काही घेता येत नाही."

"तुम्हाला दारातून हाकललं म्हणून म्हणते. मला माफ करा हो."

"गेल्या महिन्यात एकांनी माझ्यावर कुत्रं सोडलं," मिसेस प्रुईट म्हणाली. "तुम्ही फक्त दार लावलंत. तेवढा ट्रक काढायला सांगा."

डॉम बाहेर गेला. मिसेस प्रुईटने चष्मा लावला आणि कागद पुढे ओढला. "पहिल्यांदा बेल वाजवली तेव्हा काय झालं ते मला लिहावं लागेल. या म्हणाल्या, खेळाडू इथे राहत नाही, आईकडे गेली. बरोबर?"

फिलोमिना कढईपाशी थिजली. आतापर्यंत भीतीच्या भरात तिला सुचलंच नव्हतं की आपण काय बोलून गेलो. आई तर केव्हाच गेली पोरीची. त्या हिवाळ्यात हिनेच तिचा काळा कोट इस्त्री करून दिला होता. आणि आज परक्या बाईसमोर आपण तिच्या आईचं नाव घेऊन खोटं बोललो. मागे वळायचं धाडस होईना तिला. "ब्रिन," ती तेलाकडे बघत म्हणाली, "ते तोंडातून निघून गेलं गं. मला तसं म्हणायचं नव्हतं."

ब्रिनने हातातला ग्लास संपवला.

"तुम्हाला बरोबरच सांगितलं यांनी," ती मिसेस प्रुईटला म्हणाली. "आईकडेच होते मी. खाली तळघरात."

मिसेस प्रुईटने चष्म्यावरून एकदा या दोघींकडे पाहिलं. मग तिने कागदावर लिहिलं की खेळाडू घरीच होती, आणि पेन ठेवलं.

फिलोमिना वळली नाही. झाऱ्याने एक पुरी उगाचच परतली, पुन्हा परतली, आणि मग नेहमीच्या खेकसत्या आवाजात म्हणाली, "बोलू नकोस. पाणी पी."